वर्दळीचे गुण

मास्तरांनी आयुष्यात कधी शाळेत शिकवलं नव्हतं. ते बांधकाम खात्यात पुलांचे अभियंता होते. पण पुलांना गुण द्यायचे, म्हणून ऑफिसनं त्यांना मास्तर करून टाकलं, आणि ही हाक इतकी चिकटली की पगारपत्रकावरचं खरं नाव वाचून नवा कारकून विचारायचा, "हे कोण? यांची बदली झाली का?" मास्तरांना राग येत नसे. तेच हसून सांगत, "हातात छडी नाही एवढंच. बाकी सगळं मास्तराचं. वर्गात चाळीस पोरं, आणि पास करायची परवानगी फक्त तिघांना."

पोरं म्हणजे पूल. त्यांच्या भागात लहानमोठे चाळीसेक पूल होते आणि दरवर्षी दुरुस्तीचा पैसा यायचा तो तीन पुलांपुरता. तोही असा, की तिसऱ्याचा कठडा एकाच बाजूनं रंगवून व्हायचा. उरलेल्यांना मास्तर वर्षातून एकदा नुसते भेटायला जात. खिशात एक छोटी हातोडी असे. तिनं खांबावर, तुळईवर टकटक करायचं आणि कान लावायचा. भरीव आवाज आला तर ठीक, भदभद आला तर आत पोकळ. ही सवय हाडीमाशी इतकी मुरली होती की ते बाजारात कलिंगड ठोकून बघत, पाहुण्यांकडे दाराची चौकट ठोकून बघत. एकदा दाढी करताना त्यांनी स्वतःच्या कपाळावर टकटक केली. निकाल मात्र बायकोला सांगितला नाही.

त्यांच्या खोलीत भिंतीवर नकाशा होता. चांगल्या पुलाला हिरवी टाचणी, बऱ्याला पिवळी, वाईटाला लाल. पहिल्याच वर्षी लाल टाचण्या संपल्या. भांडारात मागणी केली, तर त्यांनी शिल्लक पडलेल्या हिरव्या पाठवून दिल्या. तेव्हापासून डोक्यावर शाईचा ठिपका असलेली हिरवी टाचणी म्हणजे वाईट पूल, असं ठरलं. वरचे साहेब दारातूनच नकाशाकडे बघत आणि म्हणत, "वा, बरंच हिरवं दिसतंय." मास्तर खोटं कधी बोलले नाहीत. फक्त जरा जवळ येऊन बघा, असंही म्हणाले नाहीत.

घरीही हाच कारभार. बाथरूमच्या दाराची कडी तुटून पडली होती. बायकोनं आठवण केली की मास्तर हिशेब मांडायचे. कडीची अवस्था वाईट, कबूल. पण वापरणारी माणसं दोन. वर्दळ कमी, म्हणून नंबर खाली.

"अहो, आत गेलं की मला गाणं म्हणत बसावं लागतं."

"म्हण की. आवाज सुधारतोय तुझा."

ही गुणांची पद्धत मास्तरांनीच काढलेली. ते नोकरीला लागले तेव्हा ज्याचा आवाज मोठा त्याचा पूल आधी, असा रिवाज होता. एका वजनदार माणसाच्या बंगल्यासमोरचा पादचारी पूल एका वर्षात दोनदा रंगवला गेला आणि त्याच वर्षी मोठ्या रस्त्यावरच्या पुलाच्या खांबाखालची माती वाहून चालली होती. मास्तर तेव्हा तरुण होते आणि नाकानं कांदे सोलण्याची त्यांना हौस होती. त्यांनी नियम बसवला: पन्नास गुण पुलाच्या अवस्थेला, जितकी वाईट तितके जास्त, आणि पन्नास वर्दळीला. किती माणसं, किती गाड्या जातात ते मोजायचं, त्यातही भरलेल्या ट्रकला सायकलीच्या वीसपट धरायचं. बेरीज करायची, वरचे तीन घ्यायचे. कुणाचा आवाज, कुणाची चिठ्ठी, कुणाच्या डोळ्यांतलं पाणी यांना त्यात रकानाच नव्हता.

पद्धतीला कुणाचा हात लागू नये म्हणून ते स्वतः अर्जदारांना कधी भेटत नसत. अर्ज खाली कारकुनाकडे. "माणसाचं तोंड पाहिलं की गुण वाढतात," असं ते म्हणत, आणि हे वाक्य त्यांना इतकं आवडे की समोर कोणी नसलं तरी म्हणत. पद्धतीचं नाव झालं. दुसऱ्या जिल्ह्यांत शिकवायला बोलावलं. प्रशस्तिपत्र मिळालं, ते त्यांनी चौकटीत घालून खुर्चीमागे लावलं. येणाऱ्याला दिसावं म्हणून. स्वतः बघायची गरज नव्हती, तोंडपाठ होतं.

आता ताई.

आई गेली तेव्हा ताई स्वतःच शाळेत होती. शाळा सोडली तिनं आणि शिकले मास्तर. त्यांना भाषणात कधीकधी "मी स्वकष्टानं शिकलो" म्हणायची लहर यायची. ताई समोर बसली असेल तर ती लहर आपोआप ओसरायची. ताईला दिली होती नदीपलीकडे. तिकडे सुतारांची आळी. भाऊजी खुर्च्या करायचे, अशा की तीन पिढ्या बसल्या तरी कुरकुर नाही. पुढे भाऊजींच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा मशीनवर जावं लागे आणि मशीन होतं नदीच्या अलीकडच्या दवाखान्यात. त्याचं फार काही वाटत नव्हतं, कारण आळीच्या तोंडाशी बस थांबायची आणि अरुंद जुन्या पुलावरून वीस मिनिटांत दवाखान्याच्या दारात सोडायची.

मग एका वर्षी मास्तर हातोडी घेऊन त्या पुलाखाली गेले. मधल्या गाळ्याची, म्हणजे मधल्या दोन खांबांवरची, तुळई ठोकली. आवाज आला भदभद, आणि आवाजापाठोपाठ काँक्रीटचं एक ढेकूळ त्यांच्या हातात आलं. आतल्या सळया गंजून सुतळीएवढ्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी उभं राहून बोर्ड लावून घेतला: जड वाहनांना बंदी. यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यानंतर मात्र चुकत गेलं, आणि तेही अगदी नियमानं.

बस बंद झाली. लाकूड आणणारे ट्रक बंद झाले. लाकूड येईना म्हणून निम्मे सुतार उठून गेले. गिऱ्हाइकं एवढी पायपीट करून कशाला येतील? रिक्षावाले म्हणायचे, परतीचं भाडं मिळत नाही, आम्ही नाही येत. दरवर्षी वर्दळ मोजली जाई आणि दरवर्षी ती कमी भरे. बोर्ड लागला तेव्हा पुलाचा नंबर पाचवा होता. पुढच्या वर्षी अकरावा. नंतर एकोणिसावा. वर्गात मार खाऊन खाऊन मागच्या बाकावर सरकत जाणाऱ्या पोरासारखा तो पूल नकाशाच्या कडेला जाऊन बसला. आणि मास्तर? मास्तरांना अभिमान वाटत होता. ते बायकोला म्हणाले, "सख्ख्या बहिणीचा पूल आहे, पण एक गुण वाढवला नाही मी."

"शाबास," बायको म्हणाली. "आता कडी बसवा."

ताई मात्र भावाला कधी काही मागत नसे. मागितलं त्या दिवशी ती सरळ घरी आली. पिशवी खाली ठेवली, चहा घेतला आणि म्हणाली, "बाळ्या, आमच्या पुलाचं काय?"

ऑफिसातल्या मास्तरांचा घरात बाळ्या होत असे, साठीला टेकले तरी.

"नंबर येईल, ताई."

"कधी?"

इथे मास्तरांनी हात दाखवून अवलक्षण केलं. त्यांनी कागद काढला आणि बहिणीला सगळी पद्धत समजावून सांगितली. अवस्थेचे गुण तुमच्या पुलाला भरपूर आहेत. पण वर्दळच नाही, मग मी काय करू? ताई कधी नव्हे ती कान देऊन ऐकत होती. मोजतात कसं? एक माणूस दोन दिवस पुलाच्या तोंडाशी बसतो. कधी बसतो? पुढच्या सोमवार-मंगळवारी तुमच्याकडेच आहे. तोच माणूस परत गेला तर? परत धरतात, खेप ती खेप. आणि ट्रकला जास्त ना? हो, भरलेल्या ट्रकला वीसपट. मास्तरांना भरून आलं. इतक्या वर्षांत घरातल्या कुणी त्यांच्या कामात एवढा रस घेतला नव्हता. त्यांनी तिला आकृतीसुद्धा काढून दिली. ताईनं ती नीट घडी करून पिशवीत ठेवली आणि जाताना त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

सोमवारी दुपारी मोजणीवाल्याचा फोन आला. हा पूर्वी बसवर कंडक्टर होता. माणसं मोजण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, म्हणून मास्तरांनीच त्याला घेतलं होतं.

"साहेब, इथं जत्रा भरलीय."

"कसली जत्रा? तिथं चिटपाखरू नसतं."

"तेच म्हणतोय. सकाळपासून एक बाई अकरा वेळा गेली आणि अकरा वेळा आली. दर खेपेला पिशवी वेगळी. एक म्हातारा हातगाडी घेऊन जातोय, त्यावर रिकामी खुर्ची. तीच खुर्ची साहेब, मी ओळखतो आता तिला. सायकलींचा तर विचारू नका. आणि जाता-येता सगळे मला नमस्कार करतायत. बसवर असताना मला कुणी नमस्कार केला नव्हता."

मास्तरांना हसू आलं. मग घाम आला, कारण मोजणीवाला पुढे म्हणाला, "उद्या ट्रक आणणार आहेत म्हणे. भरून. त्याचे वीसपट मिळतात ना? त्यांच्याकडे कागद आहे साहेब, आकृतीसकट. अक्षर तुमच्यासारखंच वाटतं."

ती मधली तुळई जगात एकाच माणसानं हातानं चाचपली होती. बाकी सगळ्यांना बोर्ड म्हणजे सरकारी आडमुठेपणा वाटत होता, आणि मास्तरांनी तो तसा वाटू दिला होता. खरी अवस्था सांगितली तर लोक घाबरतील आणि अर्ज घेऊन वर येतील, ही भीती. त्यांनी ताईला फोन लावला. तिनं उचलला नाही. पुन्हा लावला. भाऊजींनी उचलला आणि म्हणाले, "ती पुलावर आहे. बारावी खेप."

"भाऊजी, उद्या ट्रक आणू नका. तुळई गेलीय."

"म्हणजे ट्रकच आणायला हवा," भाऊजी म्हणाले. "तुझ्या हिशेबानं." आणि त्यांनी फोन ठेवला.

मंगळवारी मास्तर पहिल्या बसनं निघाले आणि बस जिथे आता थांबत होती तिथून पुलापर्यंत चालत गेले. एरवी ते ऑफिसच्या गाडीनं येत, त्यामुळे हे अंतर किती आहे ते त्यांना कागदावर ठाऊक होतं, पायांना ठाऊक नव्हतं. पुलाशी पोचेस्तोवर त्यांना धाप लागली. आजारी माणूस हे अंतर आठवड्यातून तीनदा कसं कापतो, हा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि तिथेच अडकून बसला.

पलीकडून ट्रक येताना दिसला. पलीकडच्याच भट्टीच्या विटांनी काठोकाठ भरलेला. पुढे ताई चालत होती, वरातीतल्या करवलीसारखी. ड्रायव्हरच्या शेजारी भाऊजी बसले होते, पांघरूण घेऊन. मागून सगळी आळी. मोजणीवाला खुर्चीवरून उठून दोन्ही हात हलवत होता, पण लोकांना वाटलं तोही नमस्कार करतोय.

मास्तर पळाले. पळाले हे त्यांच्या बाबतीत मोठ्या मनाचं क्रियापद आहे. मधला गाळा ओलांडून ते पलीकडच्या टोकाला गेले, ट्रकच्या तोंडासमोर उभे राहिले आणि ओरडायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. जन्मभर मोठ्या आवाजाचा तिरस्कार केला की ऐन वेळी तो असा सूड घेतो. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मास्तरांना दुसरं काही सुचलं नाही. ते खाली बसले. भर रस्त्यात, मांडी घालून.

ट्रक थांबला. ताई जवळ आली.

"ऊठ बाळ्या. पँट मळेल."

"ताई, तुळई तुटेल. हा ट्रक पलीकडे जाणार नाही. खाली जाईल. भाऊजींना घेऊन."

ताईनं मागे वळून ट्रककडे पाहिलं. मग भावाकडे. तिचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज चढला नाही. "इतका वाईट आहे पूल?"

"इतका."

"मग याचा पहिला नंबर का नाही?"

"कारण वर्दळ नाही."

"वर्दळ का नाही?"

"कारण मी बोर्ड लावलाय."

"बोर्ड का लावलास?"

"कारण तुळई तुटायला आलीय."

एवढं बोलून मास्तर थांबले. आळी त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी आपली तीन उत्तरं मनातल्या मनात पुन्हा एकदा ओळीनं लावली. पूल जितका खचेल तितकी वर्दळ कमी, वर्दळ जितकी कमी तितका नंबर खाली. म्हणजे एखादा पूल पार पडलाच, तर त्याला सगळ्यात शेवटचा नंबर मिळेल आणि मास्तर त्याची टाचणी काढून घेतील. ही पद्धत त्यांनी पाच जिल्ह्यांत शिकवली होती. टाळ्या पडल्या होत्या. त्या रस्त्यावर मांडी घालून बसलेल्या माणसाला स्वतःची इतकी लाज वाटली की आता उठू नये, इथेच आपल्यावर डांबर ओतावं, असं वाटलं.

ताई त्यांच्याशेजारी रस्त्यावरच बसली. गुडघे दुखत होते तिचे, आदल्या दिवशीच्या खेपांनी. हलक्या आवाजात म्हणाली, "गेल्या आठवड्यात दोनदा चुकवलं त्यांनी मशीन. म्हणतात, चालवत नाही. तुझ्याकडे येऊन राहायलाही तयार नाहीत. डॉक्टर म्हणाले, असं चुकवत राहिले तर फार दिवस काढणार नाहीत. म्हणून केलं मी हे सगळं. तू रागावू नकोस."

तिनं रागावू नकोस म्हणावं, याचं मास्तरांना रडू आलं. ट्रकचा ड्रायव्हर भला माणूस, त्यानं दुसरीकडे बघितलं.

त्याच दिवशी मास्तरांनी पूल सगळ्याच वाहनांना बंद केला. पिंपं आणली, आडवा बांबू घातला. माणसं तेवढी चालत जातील, तीही कडेनं. म्हणजे भाऊजींसाठी दिवस आणखीच कठीण झाले, आणि पुलाची वर्दळ, मास्तरांच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे, झाली जवळजवळ शून्य. आळीनं त्यांना शिव्या दिल्या नाहीत. एका सुतारानं नुसतं विचारलं, "साहेब, कालचे गुण तरी धरणार ना?"

बैठक आठवड्याभरात होती. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, टोकाला अध्यक्षबाई. पहिल्या तीन पुलांची नावं छापून तयार होती आणि सगळ्यांना जेवायची घाई होती. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "ही यादी चुकीची आहे. बनवणारा मीच आहे, तेव्हा खात्रीनं सांगतो."

कोणीतरी हसलं. मास्तरांनी सगळं सांगितलं, ट्रकसमोर बसले तेही. म्हणाले, "आपण आज किती जातात ते मोजतो. ज्यांना दुसरा रस्ताच नाही ते किती, हे आपण कधी विचारलंच नाही. बंदी घातलेल्या पुलाची बंदीच्या आधीची वर्दळ धरायला हवी, आणि दुसरी वाट नसेल त्याला वेगळे गुण द्यायला हवेत. दिव्याखाली अंधार होता. दिवा मीच धरला होता, म्हणून मला दिसला नाही." त्यांनी नव्या पद्धतीनं केलेली बेरीज पुढे ठेवली. पहिले दोन पूल तेच राहिले. एकोणिसावा उडी मारून तिसरा आला. तिसरा होता तो, बाजाराजवळचा, चौथा झाला. पैसा तिघांपुरता.

अध्यक्षबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. "पटतंय," त्या म्हणाल्या. "पण इतकी वर्षं हे सुचलं नाही आणि आत्ताच सुचलं. तिथं तुमचं कोणी राहतं का?"

नाही म्हणता आलं असतं. ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं, कारण नि:पक्षपातीपणाच्या भरात मास्तरांनी बहीण आहे हेही कधी सांगितलं नव्हतं.

"माझी सख्खी मोठी बहीण राहते."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "मग तुम्ही बाहेर बसा. आम्ही ठरवू."

बाहेर बाक होता. त्या बाकावर अर्जदार बसतात हे मास्तरांना माहीत होतं, पण त्यावर बसायची वेळ कधी आली नव्हती. एक पाय आखूड असल्यामुळे तो हलत होता. तिथे एक बाई बसली होती, मांडीवर अर्ज, हातावर इस्त्रीच्या चटक्यांचे जुने डाग. तिनं पिशवी उचलून जागा केली.

"तुमचा कुठला पूल?" तिनं विचारलं.

इतक्या वर्षांत मास्तरांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सगळेच पूल त्यांचे होते, म्हणजे कुठलाच नव्हता. "सुतार आळीचा," ते म्हणाले. "तुमचा?"

"बाजाराजवळचा. इस्त्रीचं दुकान आहे माझं, पुलाच्या पायथ्याशी." ती सांगू लागली. पुलावरच्या सांध्याची पट्टी उखडलीय. चाक अडकतं. मुलगी स्कूटरवरून कामाला जायची, ती पडली, मांडीचं हाड मोडलं. सळई घातलीय, अजून लंगडते. त्यानंतर तिथं आणखी कितीजण पडलेत, ते दुकानात बसून तिला दिसतं. "चार वर्षं येतेय. खाली अर्ज घेतात, वर कोणी भेटत नाही. पण यंदा कारकून म्हणाला, तिसरा नंबर आहे तुमचा, यंदा होतंय. म्हटलं, निकाल लागेल तेव्हा आपण इथंच असावं."

मास्तरांनी ती पट्टी पाहिली होती. अवस्था: मध्यम, असं त्यांनीच लिहिलं होतं. मुलीच्या मांडीचं त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

"तुमच्या पलीकडे कोण असतं?" बाईनं विचारलं.

"बहीण. तिच्या यजमानांना दवाखान्यात न्यावं लागतं."

"व्हायला हवा मग तुमचाही," बाई मनापासून म्हणाली.

तेवढ्यात दार उघडलं. शिपाई डोकं बाहेर काढून म्हणाला, "मास्तर, तुमचं मंजूर झालं. सुतार आळी तिसरा. या आत, सही करा."

बाईच्या कपाळावर आठी पडली. तिनं शिपायाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, मग मांडीवरच्या अर्जाकडे. "तिसरा तर आमचा होता."

मास्तर उठले नाहीत. आत सही थांबली होती, पण त्यांना वाटलं की हे इथे बसूनच सांगायला हवं. ते म्हणाले, "मी इथला अभियंता आहे. यादी मीच करतो. आजवर ती चुकीची होती, आज मी ती सुधारली. सुधारल्यावर तुमचा पूल चौथा झाला. तुमच्या पुलाला दुसरा रस्ता आहे, त्यांच्या पुलाला नाही. हे खरं आहे. पण तुमच्या मुलीबद्दल मला आत्ता कळलं."

बाई भांडेल, रडेल, आत घुसेल, असं मास्तरांना वाटत होतं, आणि तिनं तसं करावं अशी त्यांची इच्छाही होती. तिनं अर्जाची घडी केली.

"बहीण मोठी का धाकटी?"

"मोठी. तिनंच वाढवलं मला."

"मग केलंत ते बरोबरच केलंत. भावानं एवढं करायलाच हवं." ती उठली, पिशवी खांद्याला लावली. जिन्याशी जाऊन थांबली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती फक्त स्वतःला समजावत होती. "आमच्या बाजूला तुमच्या ऑफिसातल्या कुणाची बहीण दिलेली नाही ना," ती म्हणाली.